निवडणीची पात

हळदीच्या कारखान्यात, निवडणीच्या हॉलमध्ये, त्या संध्याकाळी एकोणीस क्रेट होते. सतरा निळे, दोन लाल. प्रत्येकात एका बाईने दिवसभरात निवडलेली हळकुंडं. भिंतीकडेला बाद मालाची पाच पोती होती. त्यांत गोल गट्टू, म्हणजे हळदीचे गड्डे, तुटके तुकडे, किडकं, जळकं आणि ढेकळं-खडे. मी एकेक क्रेट काट्यावर ठेवला. सर्वांत हलका एकवीस किलो आठशे ग्रॅम, सर्वांत जड बावीस किलो दोनशे. बाकीचे सतरा या दोघांच्या मधे. मी काटा शून्यावर आणला, पुसला, आणि सगळे पुन्हा मोजले. तेच आलं. बाया ॲप्रन आणि टोप्या खिळ्यांवर टांगून निघून गेल्या होत्या, बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज येत होता, आणि मी हळदीच्या धुळीत उभी राहून त्या आकड्यांकडे पाहत होते. मला बरं वाटत नव्हतं. कॉलेजात आमचे रसायनशास्त्राचे सर प्रॅक्टिकलची रीडिंग्ज बघताना म्हणायचे, फार सुंदर आकडे आले की मला भीती वाटते. त्या संध्याकाळी मला तीच भीती वाटली. एकोणीस माणसं. त्यांतल्या चतुराबाई साठीच्या पुढच्या, डाव्या डोळ्यावर सायीसारखा पडदा. शेजारच्या तांड्यावरची मिना सव्वीसची, जिची बोटं हळदीत शिरली की कुठलं बोट काय करतंय ते दिसतच नाही. या दोघींच्या क्रेटमध्ये नव्वद ग्रॅमचा फरक. निसर्गात असं होत नाही.

मोजायला मला दिपक सरांनी लावलं होतं. ते आमचे मॅनेजर, मूळचे नांदेडचे, शर्टाच्या खिशात कायम आम्लपित्ताच्या गोळ्या. परदेशी जाणाऱ्या आमच्या दोन लॉटमध्ये बाह्य पदार्थ जास्त निघाले होते. खरेदीदाराची अट एक टक्क्याची, आमचा माल सव्वादोनचा. मालकांनी सांगितलं होतं की निवडणीचा हॉल ठेकेदाराला देऊन टाकू, तो स्वतःचा मुकादम आणील, किलोवर काम घेईल, ज्यांचा हात चालतो त्याच बाया ठेवील. दिपक सरांनी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली होती. आपल्याच माणसांत हॉल चालवू शकेल असं कोणी असेल तर शोधा, म्हणाले, तुम्ही शिकलेल्या आहात, मोजून सांगा कोण चांगलं आहे ते. मी प्रयोगशाळेत एकटीच. ओलावा काढायचा, रंग बघायचा, चाळणी लावायची. माणसं कधी मोजली नव्हती. पण मला ते अवघड वाटलं नव्हतं. प्रत्येकीचा क्रेट वेगळा करायचा, वजन करायचं, उतरत्या क्रमाने मांडायचं, वरचं नाव द्यायचं. आता समोर उतरता क्रमच नव्हता. समोर एक सपाट रेषा होती, आणि ती रेषा कोणीतरी ओढलेली होती.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. हिंगोलीत आम्ही दोघीच, दोन खोल्यांत. पुसेगावहून माझ्या कॉलेजसाठी आलो आणि राहिलो. मी आंघोळीला बसले, पहिला तांब्या अंगावरून पिवळा होऊन मोरीत गेला, आणि दाराआडूनच तिला क्रेटची गोष्ट सांगितली. तिला काही आश्चर्य वाटलं नाही. ती म्हणाली, पात धरत असतील. मग तव्यावरची भाकरी उलटत, जणू मला हे ठाऊकच असायला हवं अशा कंटाळलेल्या सुरात तिने सांगितलं. खुरपायला बाया ओळीने बसतात, प्रत्येकीला एक पात, म्हणजे पिकाच्या दोन-तीन ओळींचा पट्टा. जिची पात लवकर सरते ती बांधावर जाऊन बसत नाही. ती वळते आणि मागे राहिलेलीच्या पातीत समोरून शिरते. सगळ्या एकदमच बांधावर पोचतात. कोण मागे होती ते मालकाला कळतही नाही, कळूही द्यायचं नसतं. एखादीचं अंग दुखत असतं, एखादीचं लेकरू पाळण्यात रडत असतं. मी डोकं पुसत बाहेर आले आणि विचारलं, पण कोणी कोणाच्या पातीत शिरायचं हे कोण ठरवतं?

"असती एखादी," आई म्हणाली. "हात खाली चालू असतो आन् समद्या पाती तिच्या ध्यानात असतात. ती नुसती म्हणती, तू हिकडं ये, तू तिकडं जा. समद्यांच्यात न्हाई ते."

"तुमच्यात कोण होती?"

"पुसेगावात? मीच व्हते की."

तिने भाकरी विस्तवावर टाकली, ती फुगली, तिने तिच्यावर एक चापट मारली आणि मला ताट घ्यायला सांगितलं. मी ताट घेतलं. चोवीस वर्षं मी या बाईबरोबर राहते. तिच्या रक्तदाबाचे आकडे मला पाठ आहेत. ती शिळी भाकरी कशी चुरते, कुठल्या गुडघ्यावर हात ठेवून उठते, हे मी डोळे मिटून सांगीन. आणि ती वीस-वीस बायांचं काम डोक्यात धरून चालवत होती हे मला आज, ओल्या केसांनी, एका क्रेटच्या निमित्ताने कळत होतं. मला वाटायचं, आई मजुरीला जायची. 'मजुरी' हा शब्द मी शाळेच्या फॉर्मवर कितीदा लिहिला असेल. त्या रकान्यात अजून काही मावत नव्हतं, की मी विचारलंच नव्हतं? मी जेवले. कालवण चांगलं झालं होतं. जेवताना मी तिच्या हातांकडे बघत होते, तर ती म्हणाली, काय बघून राहिलीस, खा.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि हॉलमध्ये बायांच्या ओळीत पोतं टाकून बसले. ढोलातून पॉलिश होऊन आलेला माल मधोमध लांबच लांब पसरलेला, दोन्ही बाजूंना बाया. पहिल्या तासात मला फक्त हळद दिसली. हळकुंडावर हळकुंड घासल्याचा कोरडा आवाज, खिडकीच्या उन्हात उभी राहिलेली धूळ, जिभेच्या टोकाला कडवट चव. मग हळूहळू हात दिसायला लागले. एक मूठ मांडीवरून शेजारणीच्या मांडीशी जायची, सहज, पदर सारल्यासारखी. पण मुठी दोन प्रकारच्या होत्या. निवडलेला स्वच्छ माल चतुराबाईंच्या दिशेने सरकत होता, आणि चतुराबाईंच्या पुढ्यातला खडे-मातीचा, डोळ्यांना जड माल उलट्या दिशेने, हातोहात, ओळीच्या मधोमध येत होता. मधोमध मिना बसली होती. ती मान वर करत नव्हती. मधूनच क्रेटच्या कडेवर बोटाचं पेर आपटायची, एकदा किंवा दोनदा, आणि तेवढ्याने मुठींची दिशा बदलायची. मी मनात आकृती काढत होते: बाण, बाणांची जाडी, मधला बिंदू. तेवढ्यात मिनाच माझ्याकडे न बघता बोलली.

"म्याडम, सकाळपासून आमच्यात बसून राहिल्या, किलोभर बी निवडलं न्हाई. तुमच्यापायी आमची पात जड झाली ना."

ओळभर हसू पसरलं. चतुराबाई सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत जास्त हसल्या. माझे कान तापले, आणि त्याच वेळी मला असंही वाटलं की तिने मला धरलं आहे; माझा रिकामा क्रेटसुद्धा तिच्या हिशेबात आला आहे.

दुपारी नळावर मी तिला गाठलं. मला सगळं कळलं आहे एवढंच म्हणाले आणि लगेच पस्तावले, कारण तिचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. ती म्हणाली, चोरी पकडली म्हणा. मी म्हणाले, चोरी नाही. मग काहून इचारून राहिल्या, ती म्हणाली. मी तिला ठेकेदाराचं सांगितलं, जे तिला अर्धंमुर्धं माहीत होतं, आणि दिपक सरांनी मला काय शोधायला सांगितलं आहे ते सांगितलं, जे तिला माहीत नव्हतं. ती बराच वेळ पाय धूत राहिली. आठवीपर्यंत शिकली होती, मग आईबरोबर, तिच्या शब्दांत याडीसंग, ऊसतोडीला गेली, मग लग्न, मग ही हळद. मला वाटलं होतं ती म्हणेल की मला नाही जमणार. तिने विचारलं, पगार वाढेल का. मी म्हणाले, वाढायला हवा. सुपरवायझरची निळी टोपी भेटंल का. मी म्हणाले, भेटेल. मग तिने नळ बंद केला.

"चतुरामावशीला कोणी काढलं न्हाई पाहिजे. हे आधी. बाकी समदं मी करते."

मी हो म्हणाले. तसं म्हणण्याचा मला कुठलाही अधिकार नव्हता.

दिपक सर ऐकून घेताना गोळीचं पाकीट बोटांत फिरवत होते. ठेकेदार सोमवारी हॉल बघायला येणार होता. त्याआधी दोन लॉट पॉलिश होऊन पडायचे होते. ते म्हणाले, दोन्हीत करून बघा, एका तरी लॉटचा नमुना एक टक्क्याच्या आत आला तर मी मालकांशी बोलतो, नाहीतर मला बोलायला तोंड राहणार नाही. मी मिनाला संध्याकाळी थांबवून नमुना काढायला शिकवू लागले. सगळ्या क्रेटमधून थोडा थोडा माल घ्यायचा, ढीग करायचा, त्याचे चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन परत टाकायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार, असं करत पाच किलो उरवायचे. मग त्यातला खडा, माती, गट्टू, किडकं वेचून तेवढ्याचंच वजन करायचं. टक्केवारी तिला चौथ्या खेपेला समजली आणि समजल्यावर ती फार खूश झाली. पंपाचं पाणी कुणाच्या वाट्याला किती टक्के येतं ते तिने मला तांड्याच्या उदाहरणाने उलट समजावून दिलं. सरावाचा पहिला नमुना तिने एकटीने काढला. वजनकाट्यावर ठेवायला काहीच निघालं नाही. शून्य. दिपक सर दारातून डोकावले आणि त्यांनी हात जोडले. मी मात्र मिनाला ॲप्रनचा खिसा रिकामा करायला सांगितलं. त्यातून मूठभर खडे, दोन ढेकळं आणि एक गट्टू निघाला. ती स्वतःच थक्क झाली. चार भाग करता करता हाताने आपोआप वेचून खिशात टाकलं होतं. इतकी वर्षं हात तेच करत होता.

"खडा दिसला आन् सोडून देला, असं व्हतंच न्हाई म्याडम माझ्याच्यानं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. डोळे पुसले तर हळदीने चुरचुरले. नमुन्यात हात घालायचा नाही, पत्र्याच्या सुपलीनेच चार भाग करायचे, असं मग आम्ही ठरवलं. माल घाण असेल तर तो घाण दिसू द्यायचा, हे तिला पटायला सगळ्यात जड गेलं. मी तिला सांगत होते आणि सांगताना मला आईच्या पातीची बाजूही कळत होती. मागे राहिलेली दिसू द्यायची नाही ही त्या बायांची रीत, आणि सगळं दिसलं पाहिजे ही माझी. दोन्ही मला खऱ्या वाटत होत्या. त्या एकाच हॉलमध्ये कशा मावणार हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या लॉटच्या दिवशी मिना निळी टोपी घालून हॉलच्या टोकाला उभी राहिली. सुपरवायझर उभाच असतो, त्यात कुणाला विचारण्यासारखं काही वाटलं नाही. तिने साडी नीट चापून नेसली होती. बाया आधी तिला चिडवत होत्या, मुकादमीनबाई म्हणत होत्या; मग गप्प झाल्या. ती नावं घेऊन सांगत होती, हिकडं द्या, तिकडं द्या, आणि नाव घेतलं की ती बाई मान वर करायची, हात थांबायचे. चतुराबाईंच्या पुढे ढीग वाढत गेला. दुपारनंतर तर तो सगळ्यांना दिसत होता आणि सगळ्या तो दिसत नसल्यासारख्या बसल्या होत्या. चतुराबाई नाक हळदीला लागेल इतक्या वाकून निवडत होत्या. नमुना मिनाने सुपलीने काढला, काही वेचलं नाही, बरोबर काढला. एक पूर्णांक नऊ. दिपक सर आकड्याकडे बघून म्हणाले, मॅडम, आपण प्रयत्न केला. मिनाने टोपी काढून घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली.

घरी जाताना बसमध्ये मला पुसेगावच्या शाळेतला तिसरा बाक आठवला. तिथे आम्ही तिघी बसायचो, पार्वती, मी आणि एक रेखा नावाची मुलगी जी पुढे परभणीला गेली. गुरुजी गणित घालायचे, पार्वती ते पुटपुटत वाचायची, मी तिला समजावून सांगायला सुरुवात करायची आणि सांगता सांगता माझं गणित सुटायचं. गुरुजींना एक दिवस कळलं की ही मुलगी हुशार आहे. त्यांनी मला उचलून पहिल्या बाकावर, एकटीला, खिडकीशी बसवलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं; मला अंगावर नवा फ्रॉक घातल्यासारखं वाटलं. आणि मग वर्षभर माझी गणितं सुटेनात. समोर फळा, मागे कुजबुज, आणि माझ्या डोक्यात शांतता. ज्याला सांगायचं ते माणूसच तिथे नव्हतं. गुरुजी चांगले होते, ते कळवळून विचारायचे, तुला झालंय काय. बसच्या खिडकीला कपाळ टेकवून मी बाहेर बघत होते. कापणी झालेलं रान, मधे उसाचा एखादा हिरवा तुकडा, आणि काचेची थरथर कपाळातून दातांपर्यंत येत होती. गुरुजींनी मला हेरलं तेव्हा त्यांनी नेमकं काय उचललं होतं? मी पुढच्या थांब्यावर उतरले असते तर परत कारखान्याकडे जाणारी गाडी मिळाली असती, असं उगीच वाटलं. उतरले नाही. पण सकाळी बायांच्या टेम्पोच्या आधी मी फाटकाशी उभी होते.

मिनाने मला बोलूच दिलं नाही. तिला ते रात्रीत कळलं होतं किंवा आधीच कळलं होतं.

"उभ्यानं मला टोप्या दिसतात, म्याडम. हात दिसत न्हाईत."

मग आम्ही हॉलच्या पायरीवर बसून बोललो, आणि यावेळी आकृती मी मनात ठेवली नाही, खडूने फरशीवर काढली. आतापर्यंत त्या वजन सारखं करत होत्या, कारण वजनच मोजलं जाईल अशी त्यांना धास्ती होती. खरेदीदाराला वजनाशी काही देणंघेणं नव्हतं. क्रेट हलके-जड होऊ दे, मी म्हणाले, ते मी मोजणार नाही. फक्त घाण चांगल्या डोळ्यांकडे जाऊ दे. ती फरशीकडे बघत राहिली. तिने खडू घेतला आणि माझा एक बाण पुसून टाकला. चतुरामावशी मधे नको, म्हणाली, सगळ्यात आधी पाहिजे, ढोलाच्या तोंडाशी. गट्टू गोल असतो, हळकुंड लांब. ते हाताला कळतं, त्याला डोळा लागत नाही. मावशी आधी गट्टू काढील, मग माल पुढे येईल. हे मला सुचलं नसतं. वजन सोडून द्यायचं हे तिला सुचलं नसतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही, फरशीकडेच पाहत राहिलो.

दिपक सरांचा प्रश्न वेगळाच होता. सुपरवायझर पोत्यावर बायांच्यात बसली तर मालकांना काय वाटेल, आणि सोमवारी तो माणूस आला तर त्याला इन्चार्ज म्हणून कोण दाखवायचं. मी म्हणाले, नमुन्यात बसलेलं-उभं राहिलेलं काही दिसत नाही, सर. त्यांनी एक गोळी तोंडात टाकली, चघळली. मग म्हणाले, चतुराबाईंचं तुम्ही परस्पर कबूल करून बसलात असं ऐकलं. ते खिडकीतून हॉलकडे बघत म्हणाले, माझी आई अशीच वाकून बघायची शेवटी शेवटी, ताटातला भातसुद्धा. आणि मग: बसू द्या.

दुसरा लॉट शनिवारी लागला. मिना ओळीच्या मधोमध पोत्यावर बसली, डोक्यावर निळी टोपी, मान खाली. चतुराबाई ढोलाच्या तोंडाशी, दोन्ही हात मालात, डोळे बहुतेक मिटलेले, तोंडाने शेजारणीला सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. गट्टू त्यांच्या मागच्या पोत्यात पडत होते, धप, धप. काही वेळाने क्रेटवर पेर वाजलं. कुणी मान वर केली नाही. मी दारात उभी होते आणि मला तिथे काही काम नव्हतं. मोजण्यासारखं काही नसताना नुसतं बघत राहणं मला जमत नाही. बोटं ॲप्रनच्या नाडीशी चाळा करत होती. पण हळूहळू तो आवाज, हळकुंडाचा कोरडा, मधे पेर, मधे हसू, माझ्या श्वासाला लागला आणि मला आईचं शेत दिसलं. मी ते कधी पाहिलं नव्हतं. ओळ, ओळीतली वाकलेली पाठ, खाली चालू असलेला हात. मी घरी जाऊन तिला विचारायचं ठरवलं, ते शेत कुणाचं होतं, पीक काय होतं, कोण कोण होत्या, आणि त्यांतली सगळ्यांत मागे कोण राहायची.

माल संपला तेव्हा जेवणाची सुट्टी होऊन गेली होती, पण डबे कुणी उघडले नाहीत. मिना उठली, पायाला मुंग्या आल्या म्हणून जरा थांबली, आणि सुपली घेऊन क्रेटपाशी गेली. ढीग केला. चार भाग. समोरासमोरचे दोन ठेवले. पुन्हा ढीग. एक काळा खडा घरंगळत तिच्या पायाशी आला; तिचा हात सुटला, थांबला, आणि तिने सुपलीने तो खडा परत ढिगात लोटला. पाच किलो उरले. ती आणि मी समोरासमोर बसून वेचायला लागलो. दिपक सर माझ्या मागे उभे होते, चतुराबाई कुणाच्या तरी खांद्याला धरून विचारत होत्या, काय चाललंय, कोणी सांगा ना. वेचलेलं सगळं मी पितळी ताटलीत घेतलं, काटा शून्यावर आणला आणि ताटली मिनाच्या हातात दिली. तिने ती ठेवली, आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि पाटीवर खडूने लिहिलं. पाच किलोत छत्तीस ग्रॅम. शून्य पूर्णांक बहात्तर टक्के.